कातळाखालचे कान : कोयनेत बोअरच्या तळाशी भूकंपमापक का उतरवावे लागले

पाटण तालुक्यात कोयनानगरजवळ रासाटी नावाचे गाव आहे. तिथे जमिनीत पाडलेले एक छिद्र १,५२२ मीटर खोल जाते. पाण्यासाठी कोणी एवढे खोल बोअर मारत नाही, आणि इथे पाणी शोधायचेही नव्हते. खालून कातळ वर काढून पाहायचा होता आणि मग त्याच कातळात कान लावून बसायचे होते. कोयना-वारणा परिसरात गेल्या दशकात अशी छिद्रे एकामागून एक पाडली गेली आणि त्यांतल्या काहींच्या तळाशी भूकंपमापक उतरवले गेले. जमिनीवर भूकंपमापकांचे जाळे असतानाही हा खटाटोप का करावा लागला, हे समजून घ्यायचे तर पन्नासहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

कोयना धरणामागच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठायला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरुवात झाली आणि त्यापाठोपाठ परिसरात लहान धक्के जाणवू लागले. धरणाच्या आसपास चार भूकंप नोंदणी केंद्रे उभी राहिली. तोवर दख्खनचे पठार म्हणजे अचल भूमी, असेच भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत लिहिलेले असे. धरणाच्या आराखड्यातही भूकंपासाठी गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम ५ टक्के इतकाच आडवा जोर धरलेला होता. १३ सप्टेंबर १९६७ ला ५ च्या वरचा धक्का बसला. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे २०० माणसे गेली, कोयनानगर जवळजवळ भुईसपाट झाले आणि मुंबई-पुण्यापर्यंत लोक अंथरुणातून उठून बाहेर आले. धरणाच्या अंगातच बसवलेल्या त्वरणमापकाने एका दिशेत गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्क्यांपर्यंत हिसका नोंदला. धरणाच्या वरच्या भागात तडे गेले. धरण टिकले, पुढे उंच भागांना मागून आधार देऊन ते बळकट केले गेले. १९७० मध्ये भारताचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा नव्याने निघाला, तेव्हा कोयना थेट चौथ्या क्षेत्रात गेली.

धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होतात ही कल्पना तेव्हा अगदी नवी नव्हती. अमेरिकेत हूवर धरणामागच्या लेक मीडमध्ये पाणी भरल्यानंतर १९३० च्या दशकात तसे धक्के दिसले होते. १९६० च्या दशकात चीनचे शिनफेंगच्यांग, आफ्रिकेतले करिबा आणि ग्रीसमधले क्रेमास्ता या तिन्ही ठिकाणी ६ च्या वरचे भूकंप झाले. कोयनेचा धक्का त्या सगळ्यांपेक्षा मोठा ठरला आणि या प्रकारातला आजवरचा सर्वांत मोठा म्हणून तोच सांगितला जातो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण गावागावांत अजूनही तिच्यावरून वाद होतात. पाणी भूकंपाची शक्ती तयार करत नाही. भ्रंशावर, म्हणजे जिथे कातळ सरकतो त्या मोठ्या भेगेवर, ताण आधीपासून साठलेला असतो. जलाशयाचे पाणी भेगांमधून झिरपत खाली जाते, खडकाच्या छिद्रांमधला दाब वाढतो, आणि जी भेग कशीबशी धरून होती ती सुटते. म्हणूनच कोयनेतले धक्के पावसाळ्यानंतर, जलाशय भराभर भरून झाल्यावर वाढतात आणि पुन्हा हिवाळ्यात एकदा वाढतात. दक्षिणेला वारणेचे पाणी १९८५ पासून अडवले गेले आणि १९९३ मध्ये त्या बाजूलाही ५ च्या आसपासचे धक्के सुरू झाले.

जगातल्या इतर जलाशयांभोवतीचे धक्के काही वर्षांनी मंदावले. कोयनेत ते थांबलेच नाहीत. ५ किंवा त्याहून मोठे वीसहून अधिक, ४ च्या वरचे दोनशेच्या आसपास आणि लहान हजारो. तेही सगळे साधारण २० किलोमीटर रुंद आणि ३० किलोमीटर लांब एवढ्याच पट्ट्यात, बहुतेक १० किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर. आसपास दुसरा कुठलाही जागता भूकंपस्रोत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता आणि त्यांचे सहकारी १९६८ पासून या पट्ट्यावर लिहीत आले. भूकंप होताना जवळून पाहायचा असेल तर जगात याहून सोयीची जागा नाही, हे त्यांनी सातत्याने मांडले. पाटण आणि चिपळूणच्या लोकांनी ज्या हादऱ्यांत घरे गमावली, तेच हादरे शास्त्राला एवढे मोलाचे वाटावेत, हे ऐकताना मन जड होते. पण इथे केलेल्या मोजमापाचा पहिला उपयोग याच लोकांना व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

जमिनीवरून ऐकण्यात काय कमी पडते, हे फार पूर्वीपासून माहीत होते. १८८० च्या दशकात जॉन मिल्न यांनी टोकियोत १० फूट खोल खड्डा खणून त्यात भूकंपमापक ठेवला, आणि वरच्या यंत्रापेक्षा खालच्या यंत्राची हालचाल कमी भरली. १८९७ च्या आसाम भूकंपानंतर याच मिल्न यांच्या बनावटीची यंत्रे भारतात कलकत्त्याच्या अलिपूरला, मुंबईत कुलाब्याला आणि कोडाईकनालला आली. तेव्हापासून भूकंपमापक खड्ड्यात, तळघरात किंवा डोंगरातल्या भुयारात, खालच्या कातळाला घट्ट बिलगून ठेवायचा, हा रिवाज पडला. पण दोन-तीन मीटरचा खड्डा पुरत नाही. वारा झाडाला हलवतो, झाडाची मुळे जमीन हलवतात. घाटातून एसटी जाते, नदीला लोंढा येतो. कोयनानगरला वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पावसाळ्यात त्याची सततची थरथर यंत्रावर उमटते. वरचा मुरूम आणि कुजका खडक भूकंपाच्या लहरीतला बारीक, झपाट्याचा भाग गिळून टाकतो, आणि लहान धक्क्यांची ओळख त्या बारीक भागातच असते.

या साऱ्यात सह्याद्रीच्या कातळाचीही भर आहे. लाव्हाचे थर एकावर एक, मध्ये कुठे तांबड्या मातीचा पट्टा, कुठे वायूच्या पोकळ्यांनी भरलेला मऊ थर, मग पुन्हा घट्ट काळा दगड. लहर वर येताना प्रत्येक सांध्यावर थोडी मोडते, थोडी परत फिरते. आणखी एक अडचण साध्या भूमितीची. सगळी केंद्रे जमिनीवर, म्हणजे जवळपास एकाच पातळीत असली की भूकंप कुठल्या गावाखाली झाला ते बऱ्यापैकी कळते, पण किती खोल झाला ते नीट कळत नाही. कोयनेत तर खोलीच महत्त्वाची. पाणी कुठवर पोचले आणि भेग कुठून सुटली, याचे उत्तर तिच्यातच आहे.

जपानने हे ओळखून फार आधी पाऊल उचलले. टोकियोच्या उत्तरेला इवात्सुकी इथे ३,५१० मीटर खोल छिद्राच्या तळाशी १९७० च्या दशकातच यंत्रे बसवली गेली. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर तर देशभर शेकडो ठिकाणी १०० मीटर किंवा त्याहून खोल छिद्रांत भूकंपमापकांचे जाळे विणले गेले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डजवळ सान आंद्रेआस भ्रंश भेदून जाणारे सुमारे ३ किलोमीटर खोलीचे छिद्र २००७ पर्यंत पाडून झाले.

आपल्याकडे या वाटेवरचे पहिले टप्पे साधे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे ६१७ मीटरचे बोअर घेतले गेले. ३३८ मीटर बेसाल्ट म्हणजे लाव्हाचा काळा दगड, मग ८ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली अतिप्राचीन खडक, असा क्रम हाती आला. कोयना-वारणा भागात १९९० च्या दशकात २१ बोअर पाडून त्यांतल्या पाण्याची पातळी सतत नोंदायला सुरुवात झाली. खोली जास्तीत जास्त अडीचशे मीटर. मला या साऱ्या इतिहासातला हा भाग सर्वांत आवडतो. चंद्र-सूर्याच्या ओढीने समुद्राला भरती-ओहोटी येते तशी घट्ट जमिनीलाही अगदी किंचित येते, आणि वरखाली घट्ट थरांत कोंडलेले पाणी ती दाखवते. कातळ आवळला की बोअरमधले पाणी चढते, सैल झाला की उतरते. म्हणजे नीट निवडलेले बोअर स्वतःच ताण मोजणारे यंत्र होते, त्यात फक्त पातळी नोंदणारा सेन्सर सोडायचा. एप्रिल १९९७ मधल्या ४.४ तीव्रतेच्या धक्क्याच्या वेळी काही बोअरमधली पातळी एकदम सरकलेली दिसली.

मार्च २०११ मध्ये हैदराबाद आणि कोयनानगर इथे आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक खोदकाम कार्यक्रमाची कार्यशाळा झाली आणि खोल खोदकामाला दिशा मिळाली. पैसा केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा. आधी शोधछिद्रे पाडली गेली, एकूण नऊ, दीड किलोमीटरच्या आसपास खोलीची. त्यांतून निघालेल्या खडकाच्या कांड्यांनी अनेकांचे अंदाज चुकवले. बेसाल्टची जाडी कुठे ४१२ मीटर तर कुठे १,२५१ मीटर भरली. त्याखाली गाळाच्या खडकांचा जाड थर असेल असे काहींना वाटत होते, तो नव्हताच. लाव्हा थेट ग्रॅनाइट आणि नाइससारख्या जुन्या खडकावर पसरला होता. कराडजवळ हजारमाचीला या कामासाठी बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी उभी राहिली.

खडक वर आला की काम संपत नाही. पोलादी केसिंग, म्हणजे छिद्राला आतून बसणारा पाइप, उतरवायची, केसिंग आणि कातळ यांच्या मधल्या फटीत सिमेंटचे घोल भरायचे, कारण मध्ये पोकळी राहिली तर यंत्राला पाइपाचीच थरथर ऐकू येते. मग केबलला बांधलेला नळकांड्यासारखा भूकंपमापक हळूहळू खाली सोडायचा. आत तीन संवेदक असतात, एक उभ्या हालचालीचा आणि दोन एकमेकांशी काटकोनात आडव्या हालचालींचे. तळाशी पोचल्यावर त्याला केसिंगच्या भिंतीला घट्ट दाबून अडकवावे लागते. आणि इथे एक पेच येतो. किलोमीटरभर खाली जाताना केबल पिळते, त्यामुळे आडव्या संवेदकांचे तोंड उत्तरेला आहे की पूर्वेला, हे वरून दिसत नाही. मग कुठून आला ते नक्की माहीत असलेल्या दूरच्या मोठ्या भूकंपाची वाट पाहायची आणि त्याची लहर यंत्रात कोणत्या कोनातून शिरली, यावरून यंत्राची दिशा उलट काढायची. कोयनेत सहा छिद्रांत असे भूकंपमापक बसले. बेसाल्टच्या पांघरुणाखाली, जुन्या खडकाच्या जवळ किंवा त्याच्या आतच. वर गोंधळात हरवणारे धक्के तिथे स्वच्छ उमटू लागले आणि खोलीचे गणित आधीपेक्षा नेमके झाले.

त्याहून खोल जाण्यासाठी गोठणे गावाजवळची जागा ठरली. डिसेंबर २०१६ मध्ये खोदकाम सुरू झाले आणि जून २०१७ पर्यंत छिद्र ३ किलोमीटरवर पोचले. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट, खाली सगळा जुना कातळ. उतरताना चिखलपाण्यासोबत येणाऱ्या वायूंची नोंद ठेवली गेली. पुढे पाण्याच्या दाबाने खडक तडकवून, त्याच्यावर कोणत्या दिशेने किती दाब आहे, हेही मोजले गेले. १९६७ पासून हे आकडे फक्त वरून अंदाजाने काढावे लागत होते.

तरीही ३ किलोमीटरवर भूकंपाचे उगमस्थान नाही. कोयनेतले बरेच धक्के त्याहून खाली होतात, म्हणून पुढचे उद्दिष्ट सुमारे ६ किलोमीटर ठेवलेले आहे. त्या खोलीवर तापमान १३० ते १५० अंश सेल्सिअस असेल, असा अंदाज आहे. पार्कफील्डच्या छिद्रात २००८ मध्ये उतरवलेली यंत्रे काही आठवड्यांतच बंद पडली होती, आणि तिथली खोली कोयनेच्या उद्दिष्टाच्या निम्मीच होती. त्यामुळे गोठण्याच्या छिद्रात काय आणि किती काळ टिकते, हे आधी तपासून मगच त्याखाली उतरावे लागेल.