नादारीत घर कुणाचं वाचतं? ‘शेतकरी’ या शब्दाची पार्श्वभूमी

नादारी, म्हणजे कर्ज फेडता येत नसल्याची स्थिती, जाहीर झाली की माणसाची मालमत्ता धनकोंत वाटण्यासाठी ताब्यात घेतली जाते. पण सगळी नाही. मागे काय राहतं ते नादारीच्या कायद्यात शोधून सापडत नाही. मोफसलसाठीचा, म्हणजे मुंबई, कलकत्ता, मद्रास सोडून बाकी मुलुखासाठीचा, १९२० चा कायदा एवढंच सांगतो, की दिवाणी जप्तीतून जे सुटतं ते नादाराकडेच राहील. म्हणजे खरी यादी १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. या तीन शहरांसाठीच्या १९०९ च्या कायद्याचं माप मात्र वेगळं होतं: हत्यारं, कपडे, अंथरूण, भांडी, सामान सगळं मिळून ३०० रुपयांपर्यंत.

कलम ६० ची यादी वाचताना घर डोळ्यांसमोर उभं राहतं. बेलीफ दारात आला तरी चुलीवरचा तवा, गोधड्या, अंगावरचे कपडे त्याला उचलता येत नाहीत. धर्मरिवाजाने बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना, सुताराचा रंधा, शेतकऱ्याचं औत आणि बियाणं सुटतं. बैल किती सोडायचे हे न्यायालय ठरवतं. आणि शेतकऱ्याचं राहतं घर सुटतं.

इथेच सगळा गुंता आहे. शेतकरी म्हणजे कोण?

१८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांचे रोखे जाळले गेले, त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्याच्या व्याख्येत नोकरांकरवी, कुळांकरवी शेती करणाराही बसत असे. कलम ६० मध्ये मात्र कित्येक वर्षं व्याख्याच नव्हती. मोठे जमीनदारही वाडा वाचवायला ‘आम्ही शेतकरी’ म्हणत उभे राहत. १९६१ मध्ये देशातल्या सर्वात वरच्या न्यायालयाने निकाल दिला: नुसतं शेतीचं उत्पन्न असून भागत नाही, जमीन कसण्यावरच पोट अवलंबून हवं. माझ्या मते हा निकाल योग्यच होता. सवलत हातावर पोट असलेल्यासाठी होती, वाड्यासाठी नव्हे.

१९७६ च्या दुरुस्तीने व्याख्या कायद्यातच घातली. जमीन स्वतः कसणारा आणि मुख्यतः तिच्या उत्पन्नावर जगणारा, मग तो मालक असो, कूळ असो वा शेतमजूर. मजूर लावून कसली तरी चालेल, पण मजुरी पैशात किंवा धान्यात हवी. पिकाच्या वाट्यावर नको. हा शेवटचा तुकडा मला खटकतो. हात थकले म्हणून दोन एकर अर्धलीने, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, देणारी विधवा शब्दशः वाचलं तर ‘स्वतः कसणारी’ ठरत नाही. जमीनदाराला अडवायला घातलेलं कुंपण तिलाही अडवतं. त्याच दुरुस्तीने मजूर आणि घरगडी यांचं राहतं घर यादीत आलं, हे मात्र फार मोलाचं झालं. छोट्या दुकानदाराचं घर तेव्हाही बाहेरच राहिलं.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेने धंद्याची अट काढून टाकली. गहाण नसलेलं एक राहतं घर कुणाचंही वाचावं, अशी तरतूद आली. २०१९ च्या नियमांनी त्याची कमाल किंमत शहरात २० लाख, खेड्यात १० लाख ठरवली. दागिन्यांना १ लाखाची मर्यादा घातली. पण संहितेतला हा भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. बाकी सगळ्यांचे अर्ज अजून १९०९ आणि १९२० च्या कायद्यांखालीच चालतात, आणि मोफसलच्या दुकानदाराचं घर आजही कलम ६० च्या यादीबाहेरच आहे.