बेळगावचं डिझेल कुठलं: वायडीएम-४ की डब्ल्यूडीएम-२?

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १८०४० क्रमांकाच्या इंजिनासमोर काका थबकले. "बघ की गा, हेच आमच्या बेळगावचं इंजिन!" टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटाजवळ वाढलेल्या माणसाला खोडून कोण काढणार? पण काका अर्धेच बरोबर होते.

समोरचं इंजिन डब्ल्यूडीएम-२. अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून ही इंजिनं १९६२ पासून आली, १९६४ पासून वाराणसीत बनू लागली. काकांच्या तरुणपणी बेळगावची लाईन मीटर गेज, म्हणजे अरुंद रुळांची होती आणि डिझेल म्हणजे वायडीएम-४. तेही अल्कोच्याच घराण्यातलं, म्हणून तोंडावळा सारखा: टोकाकडे केबिन, एका बाजूला आखूड नाक, दुसऱ्या बाजूला लांबलचक बॉनेट, खाली सहा जोड्या चाकं. नॉच, म्हणजे इंजिनाच्या ताकदीचा टप्पा, वाढवली की दोघंही काळा धूर ओकतात, कारण टर्बोला, म्हणजे यंत्रात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला, वेग घ्यायला वेळ लागतो. त्यामुळे धुरावरून ओळखायला जाऊ नका.

आकड्यावरूनही नको. चार दोनापेक्षा मोठा, म्हणून ते इंजिन दांडगं, असं नाही. खरी गोम पहिल्या अक्षरात आहे. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर. वाय म्हणजे मीटर गेज, १,००० मिलिमीटर. पुढचे डी आणि एम दोघांनाही सारखेच: डिझेल, आणि माल-प्रवासी दोन्हींसाठी.

पोटातही नातं आहे. दोघांत अल्कोचंच २५१ जातीचं डिझेल यंत्र. मात्र डब्ल्यूडीएम-२ मध्ये सोळा सिलिंडर इंग्रजी व्हीसारखे, वायडीएम-४ मध्ये सहाच, एका रांगेत. ताकद २,६०० अश्वशक्ती विरुद्ध साधारण १,४००. वजन सुमारे ११३ टन विरुद्ध ७२. आणि दोन्हींत हे यंत्र चाकं थेट फिरवत नाही; ते जनरेटर फिरवतं, त्या विजेवर चाकांच्या मोटरी चालतात.

पाटी पुसट झाली असेल तर बफर, म्हणजे इंजिनाच्या टोकाला धक्का झेलणारे दट्टे, बघा. ब्रॉडगेजला डाव्या-उजव्या बाजूला एकेक, मीटर गेजला मधोमध एकच.

काकांनी वाकून बफर मोजले. घोळाचं मूळ मिरजेत होतं. पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला, आमची लाईन नव्वदच्या दशकात. मधली वर्षं पुण्याकडून आलेल्याला मिरजेत उतरून बेळगावची मीटर गेज गाडी पकडावी लागे.

"तिथंच बघितलं असणार हे," काका म्हणाले. "डोक्यावर ट्रंक घेऊन पळताना कोण बफर मोजतंय गा!"