नेटिव्ह आणि हायब्रिड ॲप

मोबाइल ॲप ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवायचे तिच्याच भाषेत आणि तिच्याच साधनांनी लिहिले, तर ते नेटिव्ह ॲप. आयफोनसाठी ही भाषा स्विफ्ट (२०१४ पूर्वी ऑब्जेक्टिव्ह-सी), अँड्रॉइडसाठी कोटलिन किंवा जावा. दोन्हीकडे ॲप हवे असेल, तर तेच काम दोनदा करावे लागते. हायब्रिड ॲप एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या संकेतस्थळांच्या भाषांमध्ये एकदाच लिहितात. ते वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे ॲपच्या आत बसवलेल्या ब्राउझरमध्ये चालते. कॅमेरा, ब्लूटूथ अशा सोयी वापरायला मध्ये प्लगइन, म्हणजे ॲपला फोनच्या त्या सोयीशी जोडणारा तयार कोड, लागते. फोनगॅप, त्यातून निघालेले अपाचे कॉर्डोव्हा आणि आयोनिक ही या पद्धतीची ठळक साधने.

रिॲक्ट नेटिव्ह (२०१५) आणि फ्लटर या साधनांनाही सर्रास हायब्रिड म्हटले जाते. ते बरोबर नाही. दोन्हींत वेबव्ह्यू नसतो. रिॲक्ट नेटिव्ह जावास्क्रिप्टमधून फोनचीच बटणे आणि याद्या उभ्या करते, तर फ्लटर डार्ट भाषेत लिहितात आणि पडद्यावरचे सगळे ते स्वतःच रेखाटते. यांना क्रॉस-प्लॅटफॉर्म, म्हणजे एकाच कोडवर दोन्ही प्रकारच्या फोनवर चालणारी, म्हणावे.

हायब्रिड ॲप रखडते ही तक्रार जुनी आहे आणि तिला आधारही आहे. पडदा सेकंदाला सहसा निदान ६० वेळा नव्याने उमटतो, म्हणजे एका चित्राला फार तर १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात काम उरकले नाही की स्क्रोल करताना बोटाला अडखळल्यासारखे होते. फेसबुकने २०१२ मध्ये आपले आयफोन ॲप नेटिव्ह पद्धतीने नव्याने लिहिले आणि एचटीएमएल५ वर फार भिस्त ठेवली ही कंपनीची सर्वांत मोठी चूक होती, असे मार्क झुकरबर्ग यांनी जाहीरपणे सांगितले. हा दाखला आजही दिला जातो, पण तो जपून वापरायला हवा. त्या वेळी आयफोनच्या वेबव्ह्यूत जावास्क्रिप्ट आयफोनच्या सफारी ब्राउझरपेक्षा बरीच हळू चाले; २०१४ मध्ये आयओएस ८ बरोबर आलेल्या डब्ल्यूकेवेबव्ह्यू या नव्या वेबव्ह्यूने ती अडचण दूर केली. फॉर्म, याद्या, बातम्या एवढेच काम असलेल्या ॲपमध्ये आज फरक सहसा जाणवत नाही. थ्रीडी खेळ, व्हिडिओ संपादन किंवा पार्श्वभूमीत सतत चालणारे काम असेल, तर मात्र नेटिव्हच घ्यावे.

वेगापेक्षा मला देखभालीचा प्रश्न मोठा वाटतो. ॲप आणि फोन यांच्यातला मधला थर, म्हणजे साधन आणि प्लगइन, दुसऱ्याच्या हातात असतो. ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की प्लगइन कोणीतरी सुधारेपर्यंत थांबावे लागते, आणि कधीकधी ते साधनच बंद पडते. ॲडोबीने २०२० मध्ये फोनगॅपचे काम थांबवले. राहण्याच्या जागांचे बुकिंग करणाऱ्या एअरबीएनबीने २०१८ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सोडत असल्याचे जाहीर केले, तेव्हा दोनऐवजी तीन प्लॅटफॉर्मचा कोड सांभाळावा लागला, हेही एक कारण सांगितले होते. त्यांच्या ॲपचा काही भाग नेटिव्ह, तर काही रिॲक्ट नेटिव्ह होता. अशा मिश्रणात खर्च वाचण्याऐवजी वाढू शकतो.

ॲपलचे नियमही ध्यानात ठेवावे लागतात. निव्वळ संकेतस्थळ ॲपच्या वेष्टनात घालून पाठवले, तर ॲप स्टोअर ते नाकारू शकते.

निवड करण्यापूर्वी ॲपमधला सर्वांत जड पडदा आधी बनवून तो साध्या, कमी मेमरीच्या फोनवर चालवून पाहावा. विकसकाच्या टेबलावरच्या महागड्या फोनवर दोन्ही पद्धती सारख्याच चपळ दिसतात.