बैलजोडीची टंचाई आजची नाही

ट्रॅक्टर आले आणि बैल गेले, असे आपण सहज बोलून जातो. त्यामागे एक समजूत असते, की पूर्वी प्रत्येक शेतकऱ्याच्या दावणीला जोडी होती. तशी ती कधीच नव्हती. बैल इथे फार जुना आहे. प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली सापडलेल्या ब्राँझच्या रथाला दोन बैलच जुंपलेले आहेत, आणि तो रथ साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचा. पण जोडी बाळगणे ही पहिल्यापासून ऐपतीची गोष्ट राहिली.

याचा सर्वांत बोलका पुरावा सप्टेंबर १६७६ मधला आहे. शिवाजी महाराजांनी कोकणातल्या प्रभावळी सुभ्याचे सुभेदार रामाजी अनंत यांना पत्र लिहून गावोगाव फिरायला आणि कुणबी गोळा करायला सांगितले. ज्याच्या अंगात कसायची ताकद आहे पण जोताला बैल नाहीत, पोटाला दाणे नाहीत, त्याचे शेत अडून राहते. अशाला दोन-चार बैलांचे रोख पैसे आणि खंडी-दोन खंडी धान्य द्यावे, वाढीदिढी म्हणजे व्याज न लावता फक्त मुद्दल त्याच्या कुवतीप्रमाणे हळूहळू वसूल करावे, असा तो हुकूम आहे. शेती कशाने अडते हे इतके नेमके ओळखणारा कागद आपल्या इतिहासात दुसरा मला तरी माहीत नाही.

देशावरच्या काळ्या रानात अडचण आणखी मोठी होती. तिथे हरळी-कुंदा हे खोल मुळांचे तण काढायचे तर लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल लागत. म्हणून नांगरट दरसाल होत नसे. काही वर्षांनी एकदा व्हायची, एरवी वरवरची माती हलवणाऱ्या कुळवावर भागवले जाई. एकट्याच्या घरी एवढे बैल कुठून येणार? यातूनच इर्जिक आले. आसपासचे शेतकरी आपापली औते घेऊन एकाच्या रानात उतरत आणि त्या दिवशी जेवण त्याच्या घरचे. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी वारंगुळा करी. दोघांचे मिळून एक औत, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. आपण याला गावाचा जिव्हाळा म्हणतो. जिव्हाळा होताच, पण त्याच्या मुळाशी बैलांची वानवा होती.

इंग्रजी अमलात ही वानवा वाढली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात जनावरे वैरणीवाचून मेली आणि १८७८ च्या जंगल कायद्याने चराईवर बंधने आणली. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर ओढलेले कोरडे याच रागातून आले आहेत. १८८४ च्या कायद्याने बी-बियाण्यासाठी आणि बैलांसाठी तगाई म्हणजे सरकारी कर्ज मिळू लागले, पण त्या कर्जावर व्याज होते.

मग स्वातंत्र्यानंतर बैल कमी का झाले? माझ्या मते ट्रॅक्टरइतकाच वाटा कडब्याचा आहे. १९६० च्या दशकात आखूड ताटाची संकरित ज्वारी आली. दाणे वाढले, पण कडबा घटला आणि त्याची प्रतही उतरली. पुढे मराठवाडा-विदर्भात सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली तेव्हा वैरण आणखी तुटली. मोटेची जागा इंजिनाने आणि मग विजेच्या पंपाने घेतली होती, मळणीला यंत्र आले होते. बैलाला कामाचे दिवस थोडे उरले, खायला मात्र तीनशे पासष्ट दिवस लागते. १९७२ च्या दुष्काळात चाऱ्यासाठी झालेले हाल तर अनेक घरांत अजून सांगितले जातात.

तरी कोळपणीला, म्हणजे उभ्या पिकातले तण काढायला, बैल टिकून आहे. पीक गुडघ्याएवढे झाल्यावर दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर घालता येत नाही, तिथे तोंडाला मुसके बांधलेली जोडी पाय सांभाळत चालते. त्या आठवड्यात गावात उरलेल्या एखाद-दुसऱ्या जोडीसाठी नंबर लागतात.