गाडीला टर्बो लावायचा की आहे तेच इंजिन खुलवायचं? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गॅरेजवर येणाऱ्या पोरांचा हल्ली एकच प्रश्न असतो, "भाऊ, टर्बो लावून द्या ना, किती लागतील?" ह्याचं उत्तर फोनवर अर्ध्या मिनिटात देता येत नाही म्हणून हे पत्रक छापलंय. गाडी आणायच्या आधी एकदा शांतपणे वाचून घ्या, घरी पण दाखवा.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. रोज ऑफिसला नेता ती साधी पेट्रोल गाडी, म्हणजे जिला कंपनीकडून टर्बो आलेला नाही, तिला बाहेरून टर्बो किट लावू नका. तिचं इंजिन नीट करून घ्या, त्यातून जे निघतं ते घ्या, आणि ताकद खरंच जास्त पाहिजे असेल तर ती विकून कंपनीचीच टर्बो गाडी बघा. असं बोलून मोठं काम हातचं जातं हे आम्हाला कळतं, पण तुमच्याच इंजिनचा फुटका पिस्टन तुमच्या हातात द्यायची वेळ आम्हाला आणायची नाही.

इंजिनची ताकद म्हणजे आत हवा किती गेली

पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. पेट्रोल वाढवणं सोपं, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवला की झालं, हवा वाढवणंच अवघड. साध्या इंजिनमध्ये पिस्टन खाली गेला की बाहेरच्या हवेचा दाब जेवढी ढकलेल तेवढीच हवा आत जाते. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक चाक फिरवतो, त्याच शाफ्टवरचं दुसरं चाक (कंप्रेसर) बाहेरची हवा दाबून इंजिनमध्ये भरतं, आणि हे प्रकरण मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखीने ह्याचं पेटंट १९०५ मध्ये घेतलंय, म्हणजे टेक्नॉलॉजी नवी अजिबात नाही.

फरक बघायचा तर मारुतीची फ्रॉन्क्स घ्या, एकच गाडी दोन्ही इंजिनांत येते. १.२ लिटर साधं इंजिन ९० पीएस ताकद आणि ११३ न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे फिरवायचा जोर), १ लिटर टर्बो १०० पीएस आणि १४८ च्या आसपास. पीएसमध्ये फार फरक दिसत नाही, खरी गंमत टॉर्कमध्ये आहे, कारण टर्बोचा टॉर्क २००० आरपीएमलाच पूर्ण हातात येतो आणि साध्याचा यायला ४४०० लागतात. नागपुरात सीताबर्डीच्या ट्रॅफिकमधून निघताना किंवा वर्धा रोडला ट्रक ओव्हरटेक करताना पायाखाली जे जाणवतं ते हेच.

मग टर्बोच का नको? कारण आपलं ऊन

नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्री म्हणजे रोजचंच. २५ डिग्रीच्या हवेपेक्षा ४५ डिग्रीची हवा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ असते, म्हणजे गाडी उन्हाळ्यात जड वाटते तो तुमचा भास नाही. आता ह्याच हवेला टर्बोने दाबा. हवा दाबली की तापते, ४५ डिग्रीची हवा फक्त ०.५ बार बूस्टला (टर्बोने दिलेला जास्तीचा दाब) कंप्रेसरच्या बाहेर येते तेव्हा १०० डिग्रीच्या घरात पोचलेली असते. इंटरकूलर तिला थंड करतो, पण इंटरकूलरवर आदळणारी हवाच ४५ ची असेल तर त्याच्या खाली तो नेणार कुठून? आणि व्हरायटी चौकात सिग्नलला उभे असाल तर त्याच्यावर तेवढीही हवा आदळत नाही, वरून एसी कंडेन्सरची गरमी वेगळी.

गरम आणि दाबलेली हवा आत गेली की पेट्रोल स्पार्कनंतर भलत्याच कोपऱ्यात आपोआप पेटतं, ह्यालाच नॉकिंग म्हणतात. साध्या इंजिनचं कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) मुळातच १० ते १२ असतं, कंपनीने ते टर्बो नाही हे धरूनच ठेवलेलं असतं, त्यावर बूस्ट चढवला की मार्जिन संपतं. अशा इंजिनचा प्लग काढून भिंगाखाली धरला तर पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक काळे ठिपके दिसतात आणि त्यात मधूनच काहीतरी चमकतं, ते चमकणारं म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. त्याच्या पुढची पायरी म्हणजे दोन रिंगांमधली पिस्टनची कड तुटते, मग ऑइल वर येतं, धूर सुरू होतो आणि इंजिन खोलावंच लागतं.

अजून एक गोष्ट जी बाहेरून किट विकणारे सांगत नाहीत. डिसेंबरात रात्री १० डिग्रीत रिंगरोडवर ट्यून केलेली गाडी झकास पळते, सगळे खूश, व्हिडिओ पण निघतात, आणि तीच गाडी एप्रिल लागला की नॉक करायला लागते. म्हणून बूस्टवाली गाडी आम्ही थंडीत फायनल करून देत नाही, दुपारच्या उन्हात लॉग (चालत्या गाडीचे सेन्सरचे आकडे) घेतल्याशिवाय मॅप (पेट्रोल आणि स्पार्कचं कंप्युटरमधलं सेटिंग) बंद करत नाही, त्याला वेळ लागतो आणि लागूच द्यायचा.

बरं, किट म्हणजे नुसता टर्बो नाही. मॅनिफोल्ड, वेस्टगेट, इंटरकूलर, ऑइलची लाइन जाणारी आणि येणारी, मोठे इंजेक्टर, पंप, ईसीयू (इंजिनचा कंप्युटर), मग क्लच घसरायला लागतो तो, मग ब्रेक, आणि नीट करायचं तर लो कॉम्प्रेशनचे फोर्ज्ड पिस्टन. ह्यातलं अर्धंच करून बाकी "नंतर बघू" म्हणणारे खूप येतात, त्यांना आम्ही हात जोडतो. ट्रॅकसाठी किंवा ड्रॅगसाठी वेगळी गाडी बांधायची असेल, बजेट पूर्ण असेल आणि ती गाडी महिनाभर उभी राहिली तरी चालणार असेल, तर मात्र या, टर्बोचं काम आम्हालाही मनापासून आवडतं.

साध्या इंजिनमधून काय निघतं

आधी इंजिन तपासायचं. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, कॉम्प्रेशन गेज लावायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा, काटा चार-पाच ठोक्यांत चढून थांबतो. चारही सिलेंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असले तर ठीक. एकच कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मारायचा, काटा वर गेला तर रिंगा गेल्या, हलला नाही तर वॉल्व किंवा हेड गॅस्केट. ही टेस्ट न करता पार्ट विकणाऱ्याकडे जाऊ नका. "पिकअप नाही" म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांना थ्रॉटल बॉडी साफ करणं, प्लग, कॉइल आणि चोक झालेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एवढंच निघतं, गेलेली ताकद परत आली की अपग्रेडचा विषयच संपतो.

त्याच्या पुढे इनटेक, हेडर (इंजिनमधून धूर बाहेर नेणारे पाइप), एक्झॉस्ट आणि मॅप मिळून ५ ते १० टक्के वाढ धरा, कोणी ३० टक्के सांगत असेल तर उठून या. उघडा कोन फिल्टर लावू नका राजेहो, आवाज भारी येतो पण तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आपल्याकडे ती गाडी कंपनीच्या डब्यापेक्षा हळू होते, स्कॅनर लावून इनटेकचं टेंपरेचर डोळ्यांनी दाखवतो. हवा ग्रिलच्या पुढून बंद डब्यात घेतली तरच फायदा.

कॅम (वॉल्व उघडणारा शाफ्ट) बदलून मोठी ताकद निघते हे खरं, १९९९ मध्ये आलेल्या होंडा एस२००० ने दोन लिटरमधून टर्बोशिवाय २४० पीएस काढून दाखवले, पण ते ८००० आरपीएमच्या वर. म्हणजे खालचा टॉर्क सोडायचा आणि इंजिन सारखं ओरडत ठेवायचं. धरमपेठेतून ऑफिसला जाणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग काय? पण ज्याला रेव मारायची हौस आहे, पाय दाबला की त्याच क्षणी इंजिनचं उत्तर पाहिजे, त्याला साध्या इंजिनची मजा टर्बो देत नाही, आम्हीही त्यातलेच.

कंपनीचा टर्बो असेल तर

हे सगळ्यात सरळ काम. पिस्टन, कूलिंग, ऑइल सगळं त्या हिशोबानेच बनलेलं असतं, नुसत्या मॅपवर २० ते ३० टक्के मिळतात. फक्त गिअरबॉक्सची मर्यादा बघायची, फोक्सवॅगनचा सात स्पीड ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन मीटरसाठी बनलाय, त्याच्या वर आम्ही जात नाही. समृद्धीवर तासन् तास १२० ने आलात तर टोलवर उतरल्याबरोबर चावी बंद करू नका, मिनिटभर इंजिन चालू राहू द्या, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जागेवरच जळून कोळसा होतं. ऑइल कंपनीच्याच ग्रेडचं, आणि बदली वेळेच्या थोडी आधीच.

कायद्याचं

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या आणि कंपनीने दिलेल्या माहितीशी न जुळणारा बदल गाडीत चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये तेच सांगितलं. मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद पण होऊ शकते. वॉरंटी जाते, इन्शुरन्सचा क्लेम अडकू शकतो. म्हणून रोडवरच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आम्ही काढत नाही, सायलेन्सर मोकळा करत नाही, आणि मॅपचं काम असो की पार्टचं, इन्शुरन्स कंपनीला आधी लेखी कळवा, कितीही ओळख असली तरी.

येताना आरसी, सर्व्हिसची बिलं आणि इन्शुरन्सची कॉपी आणा. टाकी निदान अर्धी भरलेली असू द्या आणि साधं पेट्रोल टाकता की प्रीमियम ते सांगा, ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मध्ये ऑक्टेन चांगला असला तरी इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असते, त्यामुळे मॅप नेहमीच्याच पेट्रोलवर करावा लागतो. गाडी सकाळी सोडा, दुपारच्या उन्हात रोडवर लॉग घेऊ, संध्याकाळी आकडे तुमच्यासमोर बसून दाखवू.