भीती घातली की मुलं व्यसनापासून दूर राहतात?

काळवंडलेल्या फुप्फुसाचं चित्र दाखवायचं, एखादं भयंकर भाषण ठोकायचं, की मुलं व्यसनाच्या वाटेला जाणार नाहीत, हा समज वर्षानुवर्षं चालत आला आहे. तो चुकीचा आहे. अमेरिकेत 1983 मध्ये सुरू झालेला, पोलिसांनी वर्गात येऊन शिकवायचा ‘डेअर’ कार्यक्रम देशभर पसरला. पण 1990 च्या दशकातल्या अभ्यासांत मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यावर त्याचा परिणाम नगण्य आढळला.

मानसशास्त्रज्ञ गिल्बर्ट बॉटविन यांनी मात्र कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आपली कारकीर्द वेगळ्या प्रश्नाला वाहिली. धोका ठाऊक असूनही मूल ‘हो’ का म्हणतं? मित्र सिगारेट पुढे करतो तेव्हा त्याला फुप्फुस आठवत नाही, आपण एकटे पडू ही धास्ती वाटते. शिवाय ‘सगळेच ओढतात’ असंही वाटत असतं, जे बहुतेकदा खरं नसतं. म्हणून त्यांच्या ‘लाइफ स्किल्स ट्रेनिंग’मध्ये मुलं वर्गातच प्रसंग उभा करून नकार देण्याचा सराव करतात: नजर कुठे ठेवायची, आवाज किती ठाम, पुन्हा आग्रह झाला तर काय बोलायचं. ताण आणि राग हाताळणंही त्यातच येतं. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या 56 शाळांत याची चाचणी झाली. 1995 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सहा वर्षांनंतरही या मुलांत व्यसनांचं प्रमाण हा कार्यक्रम न शिकलेल्या मुलांपेक्षा कमी होतं. अर्थात, एका व्याख्यानात हे साधलं नव्हतं. पहिल्या वर्षी 15 तासिका, पुढच्या दोन वर्षांत उजळणीच्या 10 आणि 5. आणि जिथे हे नीट शिकवलं गेलं, तिथे फरक जास्त ठळक दिसला.