एकच डोकं, हजार गाड्या

डिसेंबर २०२३. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं फिनिक्स शहर. एक टो ट्रक एका पिकअप गाडीला ओढत चालला होता. पिकअप उलटी जोडलेली होती आणि तीही धड नाही, त्यामुळे तिरकी होऊन दोन लेनवर पसरली होती. वेमो कंपनीची एक चालकविरहित टॅक्सी आली आणि त्या पिकअपला धडकली. टो ट्रक थांबला नाही, पुढे निघून गेला. काही मिनिटांनी वेमोचीच दुसरी टॅक्सी आली आणि तीही त्याच पिकअपला धडकली.

कुणाला लागलं नाही. पण चालकविरहित टॅक्सींवर अमेरिकेत जो वाद चालू आहे, तो समजून घ्यायचा तर मला याच दोन टकरींपासून सुरुवात करावीशी वाटते. पहिली टक्कर समजण्यासारखी आहे. उलटी, वाकडी ओढली जाणारी गाडी बघून माणूसही क्षणभर गोंधळेल. प्रश्न दुसऱ्या टकरीचा आहे. एक ड्रायव्हर चुकला म्हणून मागून येणारा दुसरा नेमका तसाच चुकेल असं सहसा होत नाही. दोघांची डोळ्यांची सवय वेगळी, अनुभव वेगळा, त्या दिवशीची झोपही वेगळी. वेमोच्या दोन गाड्यांमध्ये मात्र प्रणाली एकच होती. जी परिस्थिती पहिलीला चकवते, ती दुसरीलाही चकवणार आणि शंभरावीलाही.

चकवलं कसं, ते बघू. अशा गाडीच्या टपावर आणि कोपऱ्यांवर लायडार असतात. लायडार लेसरचे अगदी छोटे स्पंद सोडतो आणि ते वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला हे मोजतो. प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांश भागात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे इतक्या बारीक वेळेचा हिशेब ठेवला की समोरची वस्तू किती दूर आहे हे काही सेंटिमीटरच्या फरकाने कळतं. जोडीला रडार आणि कॅमेरे. सॅन फ्रान्सिस्कोत वर्षानुवर्षं दिसलेल्या वेमोच्या पांढऱ्या जॅग्वारवर तब्बल २९ कॅमेरे आहेत. त्यामुळे बघण्यात ही गाडी आपल्यापेक्षा कितीतरी सरस. तिला पाठ नाही, अंधाराची अडचण फारशी नाही, आणि फोन वाजला म्हणून तिची नजर हलत नाही.

पण बघणं ही पहिली पायरी. जे दिसतंय ते काय आहे हे ओळखायचं ही दुसरी, आणि ते पुढच्या काही सेकंदांत कुठे जाईल हे ताडायचं ही तिसरी. फिनिक्समध्ये तिसरी पायरी निसटली. पिकअपचं तोंड एका दिशेला आणि चाल दुसऱ्या दिशेला, हा विसंगत प्रकार प्रणालीला सोडवता आला नाही. गाडी दिसत होती, ती जाणार कुठे याचा अंदाज चुकला.

याहून फार वाईट उदाहरण २०१८ चं आहे. मार्चमधल्या एका रात्री टेंपी शहरात उबर कंपनीच्या चाचणीतल्या गाडीने, सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि तिचा जीव गेला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास केला तेव्हा समोर आलं की गाडीला ती महिला धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. एवढा वेळ थांबायला पुरेसा होता. पण प्रणाली तिला कधी वाहन समजत होती, कधी सायकल, कधी आणखी काही. आणि दर वेळी ओळख बदलली की आधीचा माग पुसून ‘ही कुठे चाललीय’ याचा विचार नव्याने सुरू व्हायचा. झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी रस्ता ओलांडेल ही शक्यताच रचनेत धरलेली नव्हती. लक्ष ठेवायला बसवलेल्या चालकाची नजर फोनवर होती. हा अहवाल वाचताना मला सगळ्यात जास्त हे लागलं: यंत्राची दृष्टी शाबूत होती.

मग या गाड्या माणसापेक्षा सुरक्षित आहेत की नाहीत? उत्तर देणं वाटतं तितकं सोपं नाही, आणि त्यामागचं गणित सुंदर आहे. अमेरिकेत माणसं गाडी चालवतात तेव्हा साधारण दर १० कोटी मैलांमागे एक मृत्यू होतो. म्हणजे एखाद्या कंपनीच्या गाड्या एक कोटी मैल चालल्या आणि कुणी दगावलं नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. माणसांच्या हातूनही तेवढ्या अंतरात बहुधा कुणी दगावलं नसतं. संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे. एखादी घटना अमुक इतक्या प्रयत्नांत एकदाही घडली नाही, तर तीनला त्या प्रयत्नांच्या संख्येने भागा. तिचा खरा दर त्या भागाकारापेक्षा कमी आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. हाच हिशेब उलटा करून अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेच्या निधी कालरा आणि सुझन पॅडॉक यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की यंत्र माणसाइतकं तरी सुरक्षित आहे हे मृत्यूंच्या आकड्यावरून ठरवायचं तर एकही मृत्यू न होता २७.५ कोटी मैल चालायला हवं. शंभर गाड्या रात्रंदिवस ताशी २५ मैलांनी फिरवल्या तर साडेबारा वर्षं!

म्हणून अभ्यासक मृत्यूऐवजी जखमींचे आकडे बघतात, कारण ते लवकर जमतात. जानेवारी २०२५ पर्यंतच्या वेमोच्या ५.६७ कोटी चालकविरहित मैलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. त्याच शहरांतल्या माणसी ड्रायव्हरांशी तुलना करता गंभीर दुखापतीचे अपघात ८५ टक्क्यांनी कमी आणि पादचारी जखमी होण्याचे अपघात ९२ टक्क्यांनी कमी. अभ्यास करणारे कंपनीचेच लोक आहेत, हे लक्षात ठेवायला हवं. पण अपघातांची नोंद सरकारकडे देणं २०२१ पासून सक्तीचं आहे, त्यामुळे कच्चे आकडे इतरांनाही तपासता येतात. स्विस री या विमा कंपनीने वेमोसोबत केलेल्या पाहणीत शारीरिक इजेचे विमा दावे ९२ टक्क्यांनी कमी निघाले. मला हे आकडे खरे वाटतात, आणि मोठे वाटतात. दारू प्यालेला, पेंगुळलेला, सिग्नल तोडणारा, फोनवर बोलणारा ड्रायव्हर रस्त्यावरून वजा केला तर काय होतं, ते या आकड्यांत दिसतं.

तरीही दोन गोष्टी जपून वाचायला हव्यात. हे मैल निवडक शहरांतले, चांगल्या हवेतले, बारकाईने नकाशे काढलेल्या रस्त्यांवरचे आहेत; बर्फाच्या गावातले नाहीत. आणि हे वेमोचे आकडे आहेत, ‘चालकविरहित गाड्यां’चे नाहीत. एका कंपनीच्या पुण्याईवर दुसरीला परवाना देता येत नाही. टेस्लाने जून २०२५ मध्ये ऑस्टिनमध्ये टॅक्सी सुरू केली ती लायडार न लावता, कॅमेऱ्यांच्या भरवशावर, आणि सुरुवातीला शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून. तिचा हिशेब वेगळा मांडायला हवा.

सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांनी २०२३ च्या उन्हाळ्यात हा वाद अक्षरशः रस्त्यावर लढवला. काही कार्यकर्त्यांना शोध लागला की उभ्या टॅक्सीच्या बोनेटवर नारिंगी ट्रॅफिक कोन ठेवला की ती जागची हलत नाही. माणूस खाली उतरून कोन उचलून बाजूला ठेवेल; गाडीला हात नाहीत. त्या वर्षी १० ऑगस्टला कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक सेवा आयोगापुढे वेमो आणि जनरल मोटर्सची क्रूझ या दोघींना चोवीस तास पैसे घेऊन प्रवासी नेऊ द्यायचे का, यावर तासन्‌तास सुनावणी झाली. अग्निशमन दल तक्रार घेऊन उभं होतं: गाड्या बंबाच्या वाटेत थांबतात, आग विझवायच्या नळीवर चढू बघतात, असे ५५ प्रसंग त्यांनी नोंदवले होते. टॅक्सीचालक होते, ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता. आणि अंध नागरिकही होते, परवानगी द्या म्हणणारे. मार्गदर्शक कुत्रा सोबत आहे हे दिसताच ड्रायव्हर गाडी न थांबवता निघून जातो, हा त्यांचा नेहमीचा अनुभव. चालकच नसलेली गाडी तसं करत नाही. रात्री एकट्याने घरी जाणाऱ्या बायकांनाही मागच्या सीटवर निर्धास्त बसता येतं हे कळलं होतं. व्हीलचेअरवरच्या लोकांना मात्र या गाड्यांमध्ये चाकाच्या खुर्चीसकट चढता येत नव्हतं. उपयोग कुणाला, याचं एकच उत्तर त्या दालनात नव्हतं.

आयोगाने ३ विरुद्ध १ मतांनी परवानगी दिली. होकार देणाऱ्यांपैकी एक आयुक्त पूर्वी क्रूझचे वकील होते. विरोधात मत दिलेल्या जेनेव्हिव्ह शिरोमा यांचं म्हणणं होतं की आधी आणखी माहिती मागवा. दुसऱ्याच दिवशी रात्री क्रूझच्या दहाएक गाड्या शहराच्या नॉर्थ बीच भागात एकदम थिजल्या आणि रस्ता अडला. शहरात मोठा संगीत महोत्सव होता, मोबाइलच्या जाळ्यावर ताण आला आणि गाड्यांचा कंपनीशी संपर्क तुटला, असा खुलासा क्रूझने केला.

मग २ ऑक्टोबरची रात्र. माणूस चालवत असलेल्या एका गाडीने एका महिलेला उडवलं आणि ती शेजारून चाललेल्या क्रूझच्या टॅक्सीपुढे पडली. टॅक्सीने ब्रेक मारला, पण ती महिला चाकाखाली आली होती. इथपर्यंतचा दोष यंत्राला देणं कठीण आहे. त्यानंतर जे झालं ते यंत्राचं. प्रणालीने टक्कर बाजूने झाली असं धरलं आणि अशा वेळचा ठरलेला नियम पाळला: रस्ता अडवू नये म्हणून कडेला जा. महिलेला गाडीखाली घेऊन टॅक्सी सुमारे २० फूट सरकली. कडेला जाणं हा एरवी शहाणपणाचा नियम आहे, अग्निशमन दलाची तर तीच मागणी होती. पण कुठलाही माणूस आधी खाली वाकून बघतो.

ती महिला बचावली, क्रूझ बचावली नाही. मोटार वाहन विभागाने २४ ऑक्टोबरला परवाना थांबवला. फरफटत नेल्याचा भाग आपल्याला दाखवलाच नव्हता, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये संघीय तपासात खोटा अहवाल दिल्याचं कंपनीने कबूल करून पाच लाख डॉलर दंड भरला, आणि महिन्याभरात जनरल मोटर्सने १० अब्ज डॉलरहून अधिक ओतलेला हा टॅक्सीचा उद्योग आवरता घेतला. माझ्या मते क्रूझ बुडाली ती त्या २० फुटांमुळे जितकी, त्याहून जास्त ते लपवण्यामुळे. हजार गाड्यांचं डोकं एकच असेल तर एका गाडीची चूक झाकणं म्हणजे हजार गाड्यांची झाकणं.

याची चांगली बाजूही तितकीच खरी. फिनिक्सच्या त्या दोन टकरींनंतर वेमोने जानेवारीच्या मध्यापर्यंत सगळ्या ताफ्यात सुधारित सॉफ्टवेअर बसवलं, आणि फेब्रुवारीत ४४४ गाड्यांचा रिकॉल, म्हणजे दोषदुरुस्तीची अधिकृत नोंद, जाहीर केला. एक गाडी चुकली आणि सगळ्या शिकल्या. माणसांत हे कधीच होत नाही. दर वर्षी नवे अठरा वर्षांचे ड्रायव्हर त्याच जुन्या चुका पहिल्यापासून करतात. पण सुधारणा होईपर्यंत चूकही सगळ्यांची असते. डिसेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वीज गेली, सिग्नल विझले. विझलेल्या सिग्नलपाशी कसं वागायचं हे वेमोच्या गाड्यांना ठाऊक होतं, तरी खात्रीसाठी त्या दूरच्या कक्षातल्या माणसांना विचारत होत्या. एरवी ही सावधगिरी चांगली. त्या संध्याकाळी असंख्य गाड्यांनी एकाच वेळी विचारलं, उत्तरं तुंबली, आणि गाड्या चौकांत उभ्या राहिल्या. ८५ टक्क्यांच्या सरासरीत अशी संध्याकाळ दिसत नाही, कारण तिथे कुणी जखमी झालं नाही. अडकलेल्या रुग्णवाहिकेला मात्र ती दिसेल.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात मुलांकडे गेलेले आईवडील हल्ली आपोआप फिरणाऱ्या स्टिअरिंगचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकतात, आणि ‘हे आपल्याकडे कधी?’ अशी विचारणा लगेच होते. नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात आयआयएमच्या कार्यक्रमात सांगितलं होतं की चालकांचे रोजगार जातील, म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. रोजगाराची चिंता रास्त आहे, तिला हसण्यावारी नेणं मला जमणार नाही. पण २०२२ या एका वर्षात आपल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, हेही त्याच तराजूत ठेवायला हवं. टॅक्सी चालकविरहित होवो न होवो, समोर कुणी आडवं आलं तर स्वतः ब्रेक लावणारी गाडी ड्रायव्हरची नोकरी घेत नाही. ती आधी मागू या.

कॅलिफोर्नियात आता प्रश्न पावतीवर आला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सॅन ब्रूनो गावात पोलिसांनी बेकायदा यू-टर्न घेणारी वेमो अडवली. आत कुणीच नव्हतं. दंडाची पावती फाडायची कुणाच्या नावे, हे कायद्यात नसल्याने पोलिसांनी कंपनीला कळवलं आणि गाडी सोडून दिली. नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून अशा वेळी नियमभंगाची नोटीस कंपनीच्या नावे निघेल आणि कंपनीला ती मोटार वाहन विभागाकडे पोचवावी लागेल. आग किंवा अपघाताच्या जागेपासून गाड्या दूर ठेवा, असा निरोप बचावपथकाने दिला तर दोन मिनिटांत सगळ्या ताफ्याला तसं सांगणंही बंधनकारक होईल.